किनुएवहिनीच्या न्हाणीतलं हाड

त्या हाडाचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी मिसोच्या सुपात घालायला मुळा चिरत होते, आणि मला वाटलं, मुळाच कुजलाय. मी तो फेकून दिला. दुसरा घेतला, त्यालाही तोच वास. मग हुंगत हुंगत मागच्या दारी गेले, तर वास आमच्या न्हाणीघरातून येत होता. सडकी चरबी, गंजकं लोखंड आणि ओहोटीनंतर खडकात अडकून तापलेलं पाणी, सगळं एकात एक. पुरुषांच्या अंघोळीच्या हौदात बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या, एका पंपातून बुडबुडे येत होते आणि तळाशी देवमाशाच्या कण्याचा मणका बसला होता, चांगला उखळाएवढा.

"वहिनी, हे काय आहे?"

"हाड आहे," वहिनी म्हणाली. ती ओणवी होऊन फरशी पुसत होती. "ओनुमासाहेबांचं."

"ओनुमासाहेबांचं हाड ओनुमासाहेबांच्या अंगात असू दे. आपल्या हौदात कशाला?"

"त्यांच्या संशोधनाच्या जहाजावरची थंड टाकी बिघडलीय. दुरुस्त झाली की नेतील. या थंडीत तुझं कुठलं गिऱ्हाईक अंघोळीवाचून अडलंय?"

किनुए ही माझ्या थोरल्या भावाची, तोकुजोदादाची बायको. दादा गेल्यावर तिनं ही खाणावळ काढली. खाली जेवणघर, वर पाहुण्यांच्या खोल्या. मी नवऱ्याला सोडून आले तेव्हा तिनं मला एक शब्द विचारला नाही, फक्त चूल दाखवली, आणि तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे. तिची स्वच्छता सगळ्या किनाऱ्यावर ठाऊक आहे. आमच्या घरात माशी आली तरी पाय पुसून येत असेल. चमच्यावर डाग दिसला तर ती अख्खा ताट-वाट्यांचा ढीग पुन्हा घासते. आणि अशा बाईनं आपल्या हातानं आपल्या हौदात तो सडका मणका ठेवून घेतला, हे बघूनच मला संताप आला.

पण खरं सांगायचं तर वहिनीच्या स्वच्छतेला एकच भोक होतं, आणि ते हाडांचंच होतं.

दादा एका शरद ऋतूत एकटाच होडी घेऊन गळ टाकायला गेला. होडी सापडली भूशिराच्या पलीकडे, इंजिन चालू, चहाचा थर्मास जागच्या जागी उभा. दादा नाही. आमच्या कागोशिमात असं ज्यांचं होतं त्यांना मठातले भिक्षू सांगतात, किनाऱ्यावरचा एक चांगला गोटा घ्या, तोच अस्थिकलशात घाला आणि थडग्यात ठेवा. सगळे तसंच करतात. गावातल्या निम्म्या थडग्यांत गोटेच आहेत आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. वहिनी मात्र म्हणाली, "मी लग्न गोट्याशी केलं नव्हतं." आणि तिनं रिकामाच कलश ठेवला.

रिकाम्या कलशाच्या त्या थडग्यावर ती रोज ताजी फुलं घाली. तशी आमच्याकडे सगळ्याच बायका घालतात. थडग्यावर कोमेजलेलं फूल दिसलं की शेजारीण विचारायला येते, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. पण बाकीच्या बायका फुलं घालतात त्या आत कुणीतरी आहे म्हणून. वहिनी घालायची ती बसमध्ये पिशवी ठेवून जागा धरतात तशी. दादाचं हाड तळाशी आहे, एक ना एक दिवस कुणाच्या तरी जाळ्यात येईल, तोवर जागा धरून ठेवायची. तिनं हे कधी लपवलं नाही. जाळीवाल्यांच्या म्होरक्याला, गेंपेइला, तिनं सरळ सांगून ठेवलं होतं, "हाड आलं तर परत टाकायचं नाही. माझ्याकडे आणायचं."

आणि ते आणत. इतरांच्या दारात सकाळी पेपर पडतो, आमच्या मागच्या दाराच्या कडीला पिशवीत हाड. डुकराची तंगडी, डॉल्फिनची बरगडी, एकदा कासवाच्या खांद्याचं हाड आलं तर माणसाचंच वाटून आम्हा दोघींचं रक्त गोठलं. शेवाळलेली, शिंपल्या चिकटलेली, कधी मांसाची चिंधी लोंबत असलेली. वहिनी ते हाड भांडी घासायच्या ब्रशनं घासायची, जेवणघरातल्या टेबलावर कागद पसरून वाळत ठेवायची आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून आणायची. मग म्हणायची, "हे ह्यांचं नाही," आणि मागं लोकाटाच्या झाडाखाली पुरून टाकायची. मी त्याच टेबलावर किबिनागो मासे सोलायचे. मला शिसारी यायची. मी तोंडावर सांगितलंय तिला, की तुझ्या या नादापायी एक दिवस पाहुण्यांच्या वाटीत कुणाचा तरी गुडघा जाईल. ती हसायची आणि टेबल पुन्हा पुसायची.

आता या मणक्याची गोष्ट. तीन-चार हिवाळ्यांपूर्वी आमच्या वाळूवर एक देवमासा येऊन मेला. त्याची घाण मी आयुष्यात विसरणार नाही. पोट फुगून डोंगर झालं होतं, लोक लांबून लांबून नाकाला रुमाल लावून बघायला येत, मुलांना खांद्यावर घेऊन फोटो काढत, आणि आमच्याच जेवणघरात बसून वर विचारत, ताजं काय आहे म्हणून. महिनाभर वाळत घातलेल्या चादरींना तो वास होता. शेवटी गावकऱ्यांनी त्याला दोर लावून ओढत नेला, सिमेंटचे ठोकळे बांधले आणि भूशिराच्या पलीकडे खोल पाण्यात बुडवला. मला वाटलं, सुटलो. तर हे ओनुमासाहेब यंत्र पाण्यात सोडून त्याचा मणका पुन्हा वर घेऊन आले. माणसं शिकून काय करतात, तर बुडवलेली घाण वर काढतात.

माणूस तसा भला होता. पंचेचाळिशीचा, चष्मा सारखा घसरणारा. त्या हौदात कोपरापर्यंत हात घालून यायचा आणि त्याच हातांनी, धुऊन का असेना, माझ्या हातच्या तळलेल्या माशाच्या वड्या मिटक्या मारत खायचा. मी त्याच्या ताटाकडे बघायचे नाही. दुसऱ्या सकाळी जेवून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही एवढी जागा दिलीत. तुम्हाला दाखवायलाच हवं. या."

वहिनी गेली म्हणून मी गेले. पाण्यातून बघितलं तर मणक्यावर सगळीकडे लाल तुरे होते, करंगळीच्या नखाएवढे, हलके हलके डुलणारे. वहिनी वाकून म्हणाली, "फुलंच आहेत की."

"किडे आहेत," ओनुमा खुशीत म्हणाला. "समुद्राच्या तळाशी पडलेल्या हाडांवर राहतात. दुसरीकडे कुठेच नाही." आणि त्यानं चिमट्यानं एक तुरा धरून बाहेर ओढला.

तो ओढताना जो आवाज झाला तो मी लिहीत नाही. तुऱ्याखाली शेंबडाची नळी होती. शेंबडाखाली फिकट मऊ अंग, आणि त्या अंगाच्या तळाला हिरवट, मळकट मुळं, चामखिळीसारखी गाठाळ. हाडातून जिथं उपटलं तिथं भोक राहिलं आणि त्या भोकातून पिवळं पाणी आलं. ओनुमानं हाडाचा एक कोपरा करवतीनं कापलेला होता, तो उलटा करून दाखवला. आतून हाड नव्हतंच. वाळवीनं पोखरलेल्या लाकडासारखा भुगा, आणि त्यात ती हिरवी मुळं सगळीकडे पसरलेली.

"याला तोंड नाही," तो म्हणाला. "पोट नाही. आतडी नाहीत."

"मग खातो कशानं, मेला?" मी विचारलं.

"मुळांनी. मुळं आम्ल सोडतात, हाड विरघळतं. आतली चरबी त्या मुळांत राहणारे जंतू पचवतात आणि त्यावर हा जगतो. म्हणजे ही. या सगळ्या माद्या आहेत."

"आणि नर?" वहिनीनं विचारलं.

"मादीच्या नळीतच असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतके लहान. एकेकीच्या आत कितीतरी. ते मोठे होतच नाहीत, जन्मभर पिल्लंच राहतात."

वहिनी माझ्याकडे वळली. "बघ फुसा. ती एवढे पोसते. तुला एक सांभाळता आला नाही."

"माझा आत राहत नव्हता, बाहेर राहायचा," मी म्हटलं. "तेच तर भांडण होतं."

ओनुमा लाजून हसला. वहिनीही हसली. तिनं पदर खोचल्यासारखा अॅप्रन खोचला, पुन्हा वाकली आणि त्या कापलेल्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हे फक्त देवमाशाचीच हाडं खातात?"

"छे," तो म्हणाला. त्याला कुणीतरी प्रश्न विचारल्याचाच आनंद. "गाईची हाडं खाली ठेवून पाहिलीत लोकांनी. त्यावरही येतात. माशांच्या हाडांवरही. हाडात खाण्यासारखं काही असलं की झालं."

"माणसाचं?"

"ते कुणी ठेवून पाहिलेलं नाही, काकू. परवानगी कोण देणार?" आणि तो हसला.

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण तेव्हा उशीर झाला होता.

"लहान हाड असलं तर किती दिवस लागतात?" वहिनीनं विचारलं. आवाज अगदी तिचाच, पाहुण्याला भात हवा का विचारते तसा.

"देवमाशाचं मोठं हाड वर्षानुवर्षं पुरतं. लहान हाड…" तो थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काकू, तुमचं कुणी…"

"आमचे हे तिथंच गेले. तुम्ही जिथून हे काढलंत, त्याच बाजूला. होडी तिथंच मिळाली होती."

ओनुमा त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून खाली वाकला, कपाळ जमिनीला लागेपर्यंत. त्याच्या हातातला किडा फरशीवर पडला आणि तिथं चिकट डाग झाला. मला त्या माणसाची, किड्याची, डागाची, सगळ्याचीच किळस आली. माफी मागून काय होणार होतं?

"उठा," वहिनी म्हणाली. "पँट भिजेल." तिनं फडक्यानं तो डाग पुसला, फडकं धुतलं आणि ती वर निघून गेली.

त्या दिवशी तिनं फुलं घातली नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या बाईनं दारात येऊन विचारलंच, "किनुएताई बऱ्या आहेत ना? थडग्यावरची फुलं माना टाकून बसलीत." मी सांगितलं, कंबर धरलीय. मग गेंपेइ पिशवी घेऊन आला. पिशवीत हाताच्या बोटाएवढं काहीतरी होतं. एरवी वहिनी हातातलं टाकून धावायची. या वेळी तिनं पिशवीकडे नुसतं पाहिलं.

"टाकून दे समुद्रात," ती म्हणाली. "आणि पोरांना सांग, इथून पुढं आणू नका. विनाकारण त्रास."

गेंपेइ पिशवी तशीच धरून उभा राहिला. "वहिनी, काही चुकलं का आमचं?"

"नाही रे बाबा. जे यायचं नाही त्याची वाट कशाला बघायची?"

इतकी वर्षं मी बोलत आले होते की हा हाडांचा नाद सोड. आता तिनं सोडला तर मला ते बघवेना. ती जेवत होती, पुसत होती, पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होती, पण जेवणघरातल्या टेबलावर सांडलेला सोया सॉस तिला दिसला नाही. तो डाग वाळला तरी तिथंच होता. मी तो पुसला नाही. मला वाटलं, आता दिसेल, आता दिसेल. दिसला नाही. एवढंच नाही, एकदा जेवताना ती म्हणाली, "माझं झालं की मला जाळून त्या रिकाम्या कलशाशेजारी ठेवतील, नाही का गं? शेजारी म्हणजे काय, कुणाच्या शेजारी?" आणि मुळ्याचं लोणचं चावत राहिली.

माझं डोकं फिरलं. मी मोठी किटली भरून पाणी उकळलं आणि न्हाणीघरात गेले. म्हटलं, ओनुमाला काय म्हणायचंय ते म्हणू दे, ही बिनतोंडाची अवलाद आज मी शिजवून काढते. दार उघडलं तर वहिनी हौदाच्या काठावर बसलेली, बाह्या वर केलेल्या, आणि एक बोट पाण्यात. त्या बोटाजवळचे तुरे आत ओढले गेले होते. जी बाई चमच्यावरचा डाग सहन करायची नाही, तिनं आपण होऊन त्या शेंबडात बोट घातलं होतं.

"बाजूला हो, वहिनी."

"थांब," ती म्हणाली. तिनं किटलीकडे पाहिलंही नाही. "फुसा, देवमासा बुडवला तेव्हा हे किडे त्याच्यावर कुठून आले असतील?"

"नरकातून."

"ओनुमासाहेबांना बोलाव."

तो वरच्या खोलीतून धावत आला, मोजे उलटे घातलेले. त्या दिवसापासून तो तिच्या समोर यायला घाबरत होता. वहिनीनं त्याला तोच प्रश्न विचारला.

"पिल्लं पाण्यातून वाहत येतात," तो हळू म्हणाला. "एक हाड संपत आलं की त्यांची पिल्लं दुसरं शोधतात."

"म्हणजे यांच्या आया, आज्या, आधी दुसऱ्या कुठल्या तरी हाडावर होत्या."

"हो."

"तिथल्याच, तळावरच्या."

"जवळपासच्या असू शकतात. लांबूनही येतात. काकू, मला ते खात्रीनं सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"मी खात्री मागितली नाही," वहिनी म्हणाली. "एक तुकडा द्याल? एवढासा. किड्यांसकट."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढा आटापिटा करून आणलेलं हाड होतं ते. पण त्यानं करवत आणली आणि मुठीएवढा तुकडा कापला. कापताना भुगा पाण्यात पसरला आणि वास असा उसळला की मला दारात जाऊन उभं राहावं लागलं. त्यानं तो तुकडा दोन्ही हातांनी, वाकून, तिला दिला. तिनंही दोन्ही हातांनी घेतला. लाल तुरे हवेत येताच चिखलासारखे बसले.

"वहिनी, ते देवमाशाचं हाड आहे," मी म्हटलं. "तुला कळतंय ना?"

"मला डोळे आहेत."

"आणि त्यावर किडे आहेत."

"किड्यांसाठीच घेतलंय. ह्यांना खाल्लं असेल तर यांच्याच कुळानं खाल्लं असेल. याहून जवळचं वर काही येणार नाही आता. जाळ्यात नाही, कशात नाही." मग ती म्हणाली, "कोळसे पेटव."

कोळशाची शेगडी मागच्या अंगणात होती, मी मॅकरेल मासे भाजते तीच. मी म्हटलं, यानंतर ती शेगडी मी वापरणार नाही. ती म्हणाली, नको वापरूस. तुकडा जाळीवर ठेवला तेव्हा आधी शेंबूड फसफसला. मग मुळांतून हिरवं पाणी गळून कोळशावर चरचरलं, मग चरबी पेटली आणि काळा धूर थेट माझ्या तोंडावर आला. असा वास मी कधी घेतला नव्हता. केस जळल्याचा, तेल करपल्याचा, आणि खाली कुठंतरी भाजलेल्या मासळीचा, भूक लागावी असा. तोच सगळ्यात ओंगळ होता. शेजारच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. ओनुमा टोपी काढून भिंतीशी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की कशानं कोण जाणे. वहिनी शेगडीसमोर उकिडवी बसून पंख्यानं वारा घालत होती. तिनं नाकाला हातसुद्धा लावला नाही.

तुकडा पांढरा पडला, तडकला, त्याचे तीन-चार कपचे झाले. वहिनी उठून आत गेली. हातपाय धुऊन, काळा किमोनो नेसून आली आणि कोळसे पेटेपर्यंत गेंपेइकडून थडग्यातून आणवलेला कलश तिनं शेगडीशेजारी ठेवला. मग तिनं माझ्यासमोर अस्थी उचलायच्या चॉपस्टिक धरल्या. एक बांबूची, एक लाकडाची, अशी विजोड जोडी. तिच्या हातातही तशीच.

दादाच्या नावानं हे करायची वेळ कधी आली नव्हती. माणसाला जाळलं की घरच्या दोघांनी एकच हाड दोन बाजूंनी धरून उचलायचं आणि कलशात घालायचं. मी आईचं केलंय, बापाचं केलंय. तेव्हा रडू आलं होतं. आता त्या पांढऱ्या कपच्यांकडे बघितलं तर भोकाभोकांत करपलेली मुळं काळी होऊन चिकटलेली दिसत होती.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "वहिनी, खरंच सांगते, मला ओकारी येतेय."

"येऊ दे. पण एकटीनं उचलायचं नसतं. आणि ह्यांचं माणूस तू एकटीच उरलीयस." तिनं तिच्या बाजूनं कपचा धरला आणि थांबली. दुसरं टोक जाळीवरच टेकलेलं होतं. "पायापासून सुरुवात करतात ना? हा ह्यांचा पाय समज."

मी मोरीवर जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन दुसरं टोक धरलं.